पेशंट बोलत नाही, तुम्ही बोला!

आपल्या पिढीचं एक बरं आहे. लग्नाचा विषय निघाला की आपण 'बघू' म्हणतो, फ्लॅटचा ईएमआय सुरू झाला की 'झालं बाबा एकदाचं' म्हणतो आणि मग एका रविवारी मित्राचा फोन येतो, "अरे, आमच्या पार्किंगमध्ये चार पिल्लं झालीयेत, एक घेतोस का?" संध्याकाळपर्यंत टू-बीएचकेमध्ये नवा मेंबर दाखल! रात्री नाव ठरतं, सकाळी फोटो पडतो, दुपारी ऑनलाइन मागवलेला बेड येतो. सगळं होतं, फक्त एक गोष्ट राहून जाते. डॉक्टर. कारण काय, तर 'अजून आजारी कुठे पडलाय?'

या लेखासाठी मी दोन शनिवार पुण्यातल्या दोन क्लिनिक्समध्ये काढले. एक कोथरूडमधलं जुनं, दुसरं खराडीच्या आयटी पार्कांच्या गर्दीतलं चकाचक. वेटिंग रूममध्ये सगळा नमुना हजर होता. ऑफिसचा कॉल म्यूटवर टाकून लॅब्रेडॉरला आवरणारा तरुण, भाजीच्या पिशवीतून मांजर घेऊन आलेली मुलगी, 'हा चावत नाही हो' असं सगळ्यांना सांगत फिरणारे काका. बाहेर बसलेल्यांना मी विचारलं, तुमचे प्रश्न काय? आत बसलेल्या डॉक्टरांना विचारलं, तुमची तक्रार काय?

बाहेरचे प्रश्न ढीगभर निघाले. आतली तक्रार मात्र एकच होती. लोक उशिरा आणतात आणि आणल्यावर नीट सांगत नाहीत. माणसांच्या डॉक्टरला पेशंट स्वतः सांगतो, इथे दुखतंय, कालपासून दुखतंय. इथला पेशंट शेपूट हलवतो किंवा टेबलाखाली लपतो. त्याच्या वतीने बोलणारं माणूस एकच, आणि ते तुम्ही आहात. तेव्हा मंडळी, एकेक प्रश्न घेऊया!

पहिल्यांदा कधी न्यायचं?

घरी आणल्यावर पहिल्या काही दिवसांतच. आजारी पडायची वाट बघायची नाही. पहिल्या भेटीत वजन होतं, जंताचं औषध ठरतं आणि लसींचं वेळापत्रक हातात पडतं. कुत्र्याच्या पिल्लाची पहिली लस साधारण सहा ते आठ आठवड्यांची असताना देतात. मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढचे डोस, ते जवळजवळ सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. रेबीजची लस तीन महिन्यांच्या आसपास.

"दोन डोस झालेत, तिसरा राहिला तर चालेल ना?" हा हमखास येणारा प्रश्न. उत्तर आहे, नाही चालत. पिल्लाला आईच्या दुधातून काही प्रतिकारशक्ती मिळालेली असते आणि तीच सुरुवातीला लसीच्या आड येते. ती नेमकी कधी उतरेल, हे प्रत्येक पिल्लात वेगळं. म्हणून डोस पुन्हापुन्हा द्यावे लागतात. मधेच थांबलात तर पिल्लू उघडं पडू शकतं, आणि पार्व्होसारखा आजार त्याचीच वाट बघत असतो. उलट्या, रक्ताचे जुलाब आणि काही दिवसांत खेळ खलास. हा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो. त्यामुळे लसी पूर्ण होईपर्यंत बागेत किंवा रस्त्यावर खाली सोडू नका. कडेवर घेऊन जग दाखवायला मात्र काहीच हरकत नाही.

मांजर तर घरातच असते, तिला कशाला?

मांजरवाल्यांचा हा लाडका युक्तिवाद. पण बाल्कनीत कबुतर येतं, पायपात उंदीर येतो, दार उघडं राहिलं की माऊ जिन्यात जाते. मांजरांसाठी तीन आजारांवरची एकत्र लस आणि रेबीजची लस अशा दोन्ही असतात, आणि घरातल्या मांजरीलाही त्या लागतात.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मांजर आजार लपवते, आणि फार सफाईने लपवते. 'दोन दिवस खात नाहीये, रुसली असेल' असं म्हणून थांबू नका. मांजर काही दिवस उपाशी राहिली, तर शरीरातली चरबी यकृतात साठून वेगळंच दुखणं उभं राहतं. खास करून जाडगेली मांजर!

आणि बोका असेल तर ही ओळ फ्रिजवर चिकटवा. बोका लिटर बॉक्समध्ये पुन्हापुन्हा बसतोय, जोर लावतोय, ओरडतोय आणि लघवी होत नाहीये, तर ती इमर्जन्सी आहे. घरच्यांना वाटतं बद्धकोष्ठ झालंय. प्रत्यक्षात मूत्रमार्ग बंद झालेला असू शकतो, आणि मग एक-दोन दिवसांत जीव जातो. उद्या ऑफिसनंतर बघू, असं इथे चालत नाही.

राहता राहिला तिला नेण्याचा प्रश्न. भाजीची पिशवी नको, कॅरियर घ्या. तो फक्त डॉक्टरांच्या दिवशी माळ्यावरून काढलात, तर माऊ बेडखाली गायब होणार हे नक्की. चार-पाच दिवस आधीपासून तो हॉलमध्ये उघडा ठेवा. आत तिची जुनी चादर आणि थोडा खाऊ टाका. जाताना वरून टॉवेल झाका. निम्मी लढाई इथेच जिंकाल.

अंग गरम लागतंय, तापाची गोळी देऊ?

हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, म्हणून उत्तर ठळक वाचा. नाही, नाही आणि नाही!

आधी तापाचं बघू. कुत्र्याचं नॉर्मल तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. म्हणजे तो आपल्या हाताला नेहमीच गरम लागणार. नाक कोरडं म्हणजे ताप, हेही काही खरं नाही. थर्मामीटर लावल्याशिवाय कळत नाही.

आता गोळीचं. आपल्या प्रत्येकाच्या ड्रॉवरमध्ये पॅरासिटामॉल असतं. मांजरीच्या शरीरात ते औषध निकामी करणारी यंत्रणाच पुरेशी नसते. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजरीचा जीव घेऊ शकते. आयब्युप्रोफेनने कुत्र्यांच्या पोटात अल्सर होतात, किडनीवर परिणाम होतो. आपल्याला साधं वाटणारं औषध त्यांच्यासाठी साधं नसतं. मेडिकलवाल्या दादांना विचारून दिलं, नेटवर बघून दिलं, शेजारच्या पगला लागू पडलं म्हणून दिलं, हे तिन्ही प्रकार डॉक्टरांच्या डोक्याला ताप आहेत. दिलंच असेल, तर पाकीट घेऊन जा आणि किती वाजता, किती दिलं ते सांगा. त्यावरून पुढचे उपचार ठरतात.

डॉक्टर इतके प्रश्न का विचारतात?

कारण पेशंट उत्तर देत नाही! कधीपासून? खातो का? पाणी नेहमीपेक्षा जास्त पितो का? उलटी कशी होती, पिवळी की फेसाळ? शी-शू शेवटची कधी? आणि इथेच आपली पंचाईत होते. आपण सकाळी नऊला बाहेर पडतो आणि रात्री साडेआठला घरी येतो. दिवसभर त्याच्यासोबत असतात कामाच्या मावशी, नाहीतर आई. म्हणजे खरी माहिती त्यांच्याकडे असते आणि क्लिनिकमध्ये उभे असतो आपण!

उपाय सोपा आहे. निघण्याआधी मावशींना फोन करा. "दुपारी खाल्लं का, किती वेळा ओकला, कुणी काही दिलं का," एवढं विचारा. जमलं तर आईलाच सोबत न्या. खोकला, लंगडणं, फिट, विचित्र श्वास यांचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. घरी लंगडणारा कुत्रा क्लिनिकच्या टेबलावर घाबरून ताठ उभा राहतो आणि डॉक्टरांना काहीच दिसत नाही. वीस सेकंदांची क्लिप इथे फार कामी येते.

आणि हो, खरं बोला. शनिवारी घरी पार्टी होती, चॉकलेट केक खाली पडला, कुणीतरी बिर्याणीचं हाड दिलं, होळीला भांगेचा ग्लास सोफ्याजवळ राहिला, जे झालं असेल ते सांगा. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा आणि शुगर-फ्री च्युइंगममधलं झायलिटॉल कुत्र्यांसाठी विषारी असतं. मांजरवाल्यांनी लिलीची फुलंही घरात आणू नयेत. डॉक्टर पोलिस नाहीत. त्यांना आरोपी नको असतो, कारण हवं असतं.

एवढ्या टेस्ट कशाला? बिल किती होणार?

वेटिंग रूममध्ये कुजबुजत विचारला जाणारा आणि आत गेल्यावर अजिबात न विचारला जाणारा प्रश्न!

उदाहरण घेऊ गोचिडांचं. गोचीड चावून होणारा टिक फीव्हर आपल्याकडे अगदी कॉमन. कुत्रा मलूल होतो, खाणं सोडतो, कधी नाकातून रक्त येतं. त्याच्या एका प्रकारात डेंग्यूसारख्या प्लेटलेट्स कोसळतात. आता 'खात नाही' हे लक्षण तर पोट बिघडल्याचंही असतं आणि किडनीच्या आजाराचंही. बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात, फरक रक्त सांगतं. म्हणून ब्लड टेस्ट.

पण याचा अर्थ गप्प बसून कार्ड स्वाइप करा असा नाही. तीन गोष्टी विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. ही टेस्ट कशासाठी? रिपोर्टवरून उपचारात काय बदलेल? आणि सगळं मिळून अंदाजे खर्च किती? बजेट कमी असेल तर तेही सरळ सांगा. आधी काय करणं गरजेचं आणि काय चार दिवसांनी चालेल, हे डॉक्टर सांगू शकतात. लाजून पुढच्या भेटीला दांडी मारणं यापेक्षा वाईट, कारण त्याची किंमत तो मुका जीव मोजतो.

पर्यायही आहेत. पुण्यात औंधला सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे. मुंबईत परळला १८८६ मध्ये सुरू झालेलं बॉम्बे व्हेटरनरी कॉलेज आहे आणि त्याच आवारात बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल आहे. पुणे-सातारा रस्त्यावर शिरवळला, तसंच नागपूरलाही व्हेटरनरी कॉलेज आहे. महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं पाच मजली स्मॉल अॅनिमल हॉस्पिटल २०२४ च्या जुलैमध्ये सुरू झालं. रतन टाटांचं हे स्वप्न, ते त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेले. काही जनरल इन्शुरन्स कंपन्या आता कुत्रा-मांजरांचा विमाही देतात. फक्त काय कव्हर होत नाही, ते बारीक अक्षर आधी वाचा. आणि सगळ्यात सोपी आयडिया म्हणजे त्याच्या नावाची छोटी आरडी. दोन वीकेंडच्या पिझ्झाएवढे पैसे दर महिन्याला बाजूला टाका!

डॉक्टर खरा आहे हे कसं ओळखायचं?

बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. ही डिग्री आणि व्हेटरनरी कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर. दोन्ही बोर्डावर किंवा प्रिस्क्रिप्शनवर असायला हवेत. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचा कोर्स असतो हा. त्यामुळे 'लस आम्हीच टोचून देतो' म्हणणाऱ्या पेट शॉपवाल्याला किंवा ब्रीडरला नम्रपणे नाही म्हणा. लस थंड साखळीत ठेवावी लागते, ती तुटली तर टोचलेलं निव्वळ पाणी ठरू शकतं. लस दिल्यावर बाटलीवरचं स्टिकर कार्डावर चिकटवलंय का, तारीख आणि सही आहे का, ते बघा. हे कार्ड म्हणजे त्याचा पासपोर्टच समजा.

पासपोर्टवरून आठवलं. ऑनसाइटला जर्मनीला जाताय आणि त्यालाही न्यायचंय? मग व्हिसाच्या आधी व्हेट गाठा! युरोपियन युनियनसाठी आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, त्यानंतर किमान ३० दिवसांनी रक्ताची अँटिबॉडी टेस्ट आणि रक्त घेतल्याच्या दिवसापासून तीन महिने थांबणं, असा भारतातून जाणाऱ्यांसाठी क्रम आहे. मॅनेजरने 'पुढच्या महिन्यात निघ' म्हटल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

नसबंदी केलीच पाहिजे का?

'एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत' हा आजीचा सल्ला प्रेमाचा आहे, पण त्याला वैद्यकीय आधार नाही. उलट, ऑपरेशन न केलेल्या मादीला पुढे गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो. माजावर येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी ती खूप पाणी प्यायला लागली, मलूल झाली, तर लगेच दाखवा. लवकर ऑपरेशन केलं तर स्तनांच्या गाठींची शक्यताही कमी होते. योग्य वय जातीवर आणि वजनावर ठरतं. मोठ्या जातींमध्ये डॉक्टर कधीकधी थोडं थांबायलाही सांगतात. ऑपरेशनच्या आदल्या रात्री किती वाजल्यापासून उपाशी ठेवायचं, हे मात्र नीट विचारून घ्या. भरल्या पोटी भूल देणं धोक्याचं असतं. 'बिचारा, एवढंसं तर खाल्लं' असं म्हणून बिस्कीट देणाऱ्या आजोबांवर त्या रात्री लक्ष ठेवा!

रात्री दोनला काही झालं तर?

या प्रश्नाचं उत्तर रात्री दोनला शोधायचं नसतं. आपल्या डॉक्टरांना पुढच्या भेटीतच विचारा, तुम्ही रात्री फोन घेता का, नसाल तर कुठे न्यायचं? तो नंबर घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये सेव्ह करा, मावशींच्यासुद्धा.

सकाळपर्यंत थांबायचं नाही अशा गोष्टी या. श्वास घ्यायला त्रास. हिरड्या पांढऱ्या किंवा निळसर. फिट पाच मिनिटांहून जास्त किंवा लागोपाठ. मोठ्या कुत्र्याचं पोट अचानक फुगणं आणि ओकारी येऊनही काहीच बाहेर न पडणं. विषारी काही खाल्लं असणं. लघवी बंद झालेला बोका. आणि उन्हाळ्यात प्रचंड धापा टाकणारा, लडखडणारा पग किंवा बुलडॉग. उन्हाचा झटका असेल तर साध्या पाण्याने भिजवत, गाडीचा एसी लावून निघा. विष असेल तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा घरगुती प्रयोग करू नका, त्याने नवीनच संकट येतं.

शेवटची वेळ आली हे कसं कळतं?

हा प्रश्न मला कुणी मोठ्याने विचारला नाही. कोथरूडच्या क्लिनिकमध्ये एका कोपऱ्यात चौदा वर्षांची पॉमेरियन घेऊन एक बहीण-भाऊ बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर तो प्रश्न होता.

डॉक्टर अशा वेळी काही साध्या गोष्टी विचारतात. ती स्वतःहून खाते का? उठून बसू शकते का? तिच्या आवडीच्या तीन-चार गोष्टी कोणत्या आणि त्यातल्या किती अजून करते? कॅलेंडरवर रोज एक खूण करा, आज चांगला दिवस की वाईट. वाईट खुणा वाढत गेल्या की आपल्यालाच दिसायला लागतं. औषधाने वेदना आटोक्यात येत असतील तर वेळ आहे. येत नसतील तर झोपेच्या औषधाने शांतपणे निरोप देणं हाही उपचारच आहे. शेवटच्या क्षणी आत थांबायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं. पण जमत असेल तर थांबा. अनोळखी खोलीत त्याला ओळखीचा वास फक्त तुमचाच येत असतो.

जाताना बॅगेत काय?

• लसीचं कार्ड, जुने रिपोर्ट, चालू औषधांची पाकिटं
• शीचा ताजा नमुना, छोट्या बंद डबीत
• लक्षणांचा व्हिडिओ आणि तारखा
• कुत्र्याला पट्टा, मांजरीला कॅरियर. घाबरून चावत असेल तर मझल, आणि तसं रिसेप्शनवर आधीच सांगा
• आवडता खाऊ (उपाशी आणायला सांगितलं नसेल तर!)
• कुणाला चावलाच, तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि माणसाच्या डॉक्टरकडे जा. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं
• दिवाळीच्या फटाक्यांना घाबरत असेल तर पंधरा दिवस आधी डॉक्टरांशी बोला, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नाही
• सात वर्षांच्या पुढे वर्षातून दोनदा चेकअप. त्यांचं वय आपल्यापेक्षा भराभर वाढतं, आणि आपल्याला मात्र तो अजून पिल्लूच वाटत असतो